तू वेणी घालणं सोडलंस तेव्हा

आई, परवा माझ्या दंडाला रबरी पट्टी बांधून झाली, शीर सापडली, आणि सुई टोचायच्या आधी समोरच्या बाईंनी थांबून विचारलं, "यातच एचआयव्हीचीही तपासणी करायची आहे. तुमची तयारी आहे ना?" मी हो म्हटलं. एवढंच झालं. पण रक्त नळीत चढत होतं तोवर मला तुझा दंड दिसत होता, गोरा, हिरव्या बांगड्या कोपराकडे सारलेल्या, आणि त्याला बांधलेली तशीच पट्टी. तुला कोणी विचारलं नव्हतं. तू मात्र सवयीप्रमाणे रक्त घेणाऱ्या मुलाला विचारलं होतंस, "जेवलास का रे?" उद्या माझा रिपोर्ट मिळायचा आहे. हातांना काहीतरी काम हवं म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझ्या मानेत गाठ आली. आधी वाटलं दाढेमुळे असेल, मग सगळ्यांनी टीबी म्हणून बघितलं, शेवटी गाठीचा तुकडा काढून तपासला तेव्हा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी ते मला सरळ माझ्या तोंडावर सांगितलं. मी इतकी दचकले की म्हणाले, "अहो, आधी घरच्या कोणाला तरी बोलवायचं असतं ना?" ते हसले. म्हणाले, आजार तुम्हाला झालाय, आधी तुम्हाला कळायला नको का? आणि मग ती दुसरी तपासणी निघाली. माझा चेहरा बघूनच ते म्हणाले की संशय म्हणून नाही, इथे कॅन्सरच्या प्रत्येक पेशंटला हे विचारतात, कारण तसं काही असेल तर त्याची औषधं केमोबरोबरच सुरू करावी लागतात, नाहीतर केमो झेपत नाही. मला त्यांनी शेजारच्या खोलीत समुपदेशक बाईंकडे पाठवलं. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी घरच्यांची चौकशी केली. आई? गेली, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, मी नववीत होते. वडील? तेही गेले, आईनंतर दोन हिवाळे काढले, टीबी होता. त्यांचं पेन थांबलं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आईंची ही तपासणी झाली होती का, काही आठवतं?" मी म्हणायला गेले, छे, तेव्हा कुठलं काय. आणि म्हणता म्हणता मला ती नर्स आठवली, तुझ्या कॉटवर बसलेली. 

पण त्याआधीचं सांगते, तुलाच तुझं सांगते, ऐक. इंदिरानगरच्या आपल्या घरात पहाटेपासून कणकेचा आणि भाजलेल्या दाण्याच्या कुटाचा वास असायचा. कंपन्यांत कामाला आलेल्या एकट्या मुलांचे डबे तू करायचीस. ओट्यापाशी तू दुसऱ्या कोणाला उभं राहू द्यायची नाहीस, बाबा पाणी प्यायला आले तरी तुझ्या कपाळाला आठी. डबे भरून झाले की हात पुसून तू मला पुढ्यात घ्यायचीस. दोन्ही गुडघ्यांमध्ये मला अडकवून तू वेणी घालायचीस, इतकी घट्ट की माझ्या भुवया वर चढायच्या. शाळेत बाई म्हणायच्या, ही सकाळी सकाळी एवढी आश्चर्यचकित का दिसते? मी कुरकुर केली की तू फणीनं टपली मारायचीस. तुझ्या हाताला कांद्याचा वास असायचा आणि माझ्या केसांनाही दुपारपर्यंत तो असायचा. लाड करणं तुला जमत नव्हतं. दिवसातून तेवढा एकच वेळ तू मला जवळ घ्यायचीस आणि मला तो पुरायचा.

मग तुला अंगावरून जायला लागलं. तू ते अंगावरच काढलंस, फडकी बदलत डबे करत राहिलीस, आणि एक दिवस ओट्यापाशीच खाली बसलीस. गंगापूर रोडवरच्या एका खाजगी दवाखान्यात तुला नेलं. डॉक्टरांनी बाबांना आणि काकांना पॅसेजमध्ये बोलावून कॅन्सर म्हणून सांगितलं, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की तुला सांगायचं नाही. आपल्याकडे तीच रीत. पेशंटनं हाय खाऊ नये म्हणून पेशंट सोडून सगळ्या गावाला सांगायचं. तुला सांगितलं, साधी गाठ आहे, काढली की मोकळी. मलाही दम भरला होता की आईसमोर रडायचं नाही. ऑपरेशनच्या सकाळी तू उपाशी होतीस, बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या होत्यास. आणि पुन्हा डॉक्टरांनी बाबांना आणि काकांना पॅसेजमध्ये बोलावलं. काचेच्या दारातून मला सगळं दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. काकांनी खांद्यावरचा रुमाल नाकातोंडाला लावला. बाबा भिंतीला टेकून हळूहळू खाली उकिडवे बसले. थोड्या वेळानं आत येऊन काका म्हणाले, इथे नाही होणार ऑपरेशन, मुंबईला न्यावं लागेल. का, म्हणून तू विचारलंस. ते म्हणाले, मोठं मशीन तिकडेच आहे.

दुपारी तुझं सलाइन काढायला एक नर्स आली. तिनं एकावर एक दोन हातमोजे घातले होते. तुझ्या अंगाखालची चादर तिनं वेगळी गुंडाळली. मी बाहेरच्या बाकावर बांगड्या धरून बसले होते. तू तिला काहीतरी विचारलंस. तिनं दाराकडे बघितलं, पडदा ओढला, आणि पडद्याखालून मला दिसलं की तिचे पाय जमिनीवरून थोडे मागे सरकले, म्हणजे ती तुझ्या कॉटवर बसली. नर्स कधी पेशंटच्या कॉटवर बसत नाहीत गं. माझ्या तेव्हा ते नुसतं डोळ्यांत राहिलं, डोक्यात गेलं नाही. ती बाहेर आली ती माझ्याकडे न बघता गेली. मी आत आले तर तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी बांगड्या पुढे केल्या. तू म्हणालीस, ठेव तिथे. मी तुझ्या हातात घालायला गेले, तर तू हात पांघरुणात ओढून घेतलास.

मुंबईला तुला कोणी नेलंच नाही. आज उद्या करत पावसाळा गेला. डबे बंद झाले. तुझ्या माहेरहून, नामपूरहून आजी आली, मामा येऊन जाऊन असायचा, आणि मावशी तुझं करायला राहिली. तेव्हा ती लग्नाची होती, तुझ्याहून कितीतरी लहान, मला तर ताईसारखीच. काका मात्र दारातून विचारपूस करून परत जायचे, आपल्याकडे चहासुद्धा घेत नव्हते. तू तुझं ताट, वाटी, पेला खिडकीत वेगळा मांडलास. ताट तूच घासायचीस, उभं राहवत नसताना. मावशीनं हात लावला तर तिच्यावर वसकन ओरडायचीस. आणि मी फणी घेऊन तुझ्यापुढे बसले, तर तू म्हणालीस, "घोडी झालीस आता, आपली आपण घाल." दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, तेव्हा फणी उचलून तू मावशीकडे फेकलीस. मला वाटलं, आजारी माणसं चिडतात. मग वाटलं, हिला मी नकोशी झाले. नववीतल्या मुलीला दुसरं काय वाटणार?

एके दिवशी सकाळी विळीवर कांदा चिरताना माझं बोट कापलं. चांगलं खोल. मोरीत बादलीत तुझी फडकी भिजत होती, पाणी लालभडक. मावशी खाली भाजी आणायला गेली होती. मला वाटलं, आपणच धुऊन टाकू, आईला बरं वाटेल. मी बादलीपाशी वाकले आणि कुठून तुझ्यात ताकद आली कोण जाणे, मागून येऊन तू माझ्या कानशिलात अशी लगावलीस की मी नळावर आपटले. "हात नको लावू, सांगस ना तुले!" चिडलीस की तुझ्या तोंडी नामपूरचीच भाषा यायची. शेजारच्या काकू धावत आल्या. तू माझं मनगट धरून, बोटाला न शिवता, मनगटच धरून माझा हात नळाखाली धरलास आणि किती वेळ पाणी सोडत राहिलीस. मी रडत होते. तू माझ्याकडे बघतही नव्हतीस, फक्त त्या बोटाकडे बघत होतीस. काकू म्हणाल्या, "अहो, पोरगी मदत करत होती की!"  त्या थपडेचा राग मी बारा गावचं पाणी प्यायले तरी विसरले नव्हते, हे तुला सांगायला हवं.

आणि मग ती शपथ. तू अजून जिवंत होतीस आणि स्वयंपाकघरात बोलणी सुरू झाली होती. आजी बाबांना म्हणत होती, "घरनी पोर घरमा ऱ्हाई. पोरले परकी माय नको." पोर म्हणजे मी, आणि घरनी पोर म्हणजे मावशी. बायको गेली की तिची धाकटी बहीण द्यायची, यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मामाचा होकार होता. मावशी लाजत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. ती म्हणाली असती, ताईच्या लेकीसाठी करीन. आणि बाबा? बाबा पाटावर बसून फरशीकडे बघत होते. त्यांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. तू आतून हाक मारलीस. सगळे आल्यावर आजीला म्हणालीस, हिच्या डोक्यावर हात ठेव. आजीचा हात माझ्या डोक्यावर आला. त्या दिवशी तू नामपूरचं बोलली नाहीस, शहरातलं स्वच्छ मराठी बोललीस, बाबांना शब्द न् शब्द कळावा म्हणून. "माझ्या जागी माझी बहीण या घरात येणार नाही, अशी शपथ घे. ती या घरात आली तर मी तुम्हाला कोणाला सुखानं जगू देणार नाही." दारात मावशी तुझी पेज घेऊन उभी होती. आजी म्हणाली, अगं असं काय बोलतेस, बहीण आहे तुझी. तू मावशीकडे वळून म्हणालीस, "माझ्या मरणाची वाट बघत माझ्या घरात राहू नकोस. उद्याच्या गाडीनं निघ." मावशीनं पेज खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नामपूरला गेली. तू गेलीस तेव्हा आली, पण तुझ्या तोंडात पाणी घालायला पुढे झाली नाही.

बाबांना नंतर दुसरी स्थळं सांगून आली. ते सगळ्यांना एकच सांगायचे, तिची शपथ आहे. शपथ फक्त मावशीपुरती होती, हे मी दोनतीनदा बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, नाही, माझ्यापुरती पण आहे. मग त्यांना खोकला लागला, अंग वाळत गेलं, आणि एका थंडीत तेही गेले. पुढे मी नामपूरला आजीकडे वाढले. मावशीचं लग्न तिथल्याच एका साध्या माणसाशी झालं, पोरं झाली, मोसमात कांदे साठवायच्या चाळीवर राबराब राबते, तरी अंगापिंडानं दणकट आहे. माझं तिनं सगळं केलं. पण तुझं नाव तिनं कधी घेतलं नाही. तिच्या घरात आजीआजोबांचा फोटो आहे, तुझा नाही.

परवा दवाखान्यातून येऊन मी काकांना फोन केला. आता थकलेत, कानाला कमी येतं. मी मोठ्यानं विचारलं, "आईचं ऑपरेशन का नाही केलं? तिच्या रक्तात एचआयव्ही निघाला होता का?" त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग ते म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?" मग म्हणाले, "जुनं कशाला उकरतेस. आम्ही मुलीच्या जातीला त्रास नको म्हणून गप्प बसलो. तिला तर शेवटपर्यंत कळू दिलं नाही." फोन ठेवून मी किती वेळ ओट्यापाशी उभी होते. तुला कळू दिलं नाही म्हणे! सगळ्या घरात ते तुला आणि बाबांनाच नीट कळलं होतं, आणि तुम्ही दोघं एकमेकांशी ते बोललात का, हे मला आता कधीच कळणार नाही. कोणाकडून कोणाला गेलं तेही नाही. बाबा मशिनं बसवायला महिनोन्‌महिने बाहेरगावी असायचे, हे खरं. पण मी चौथीत असताना तुझं पोट पडलं होतं आणि तुला रक्त चढवलं होतं, हेही खरं. ते रक्त विकणारा माणूस जिन्यात बसला होता, डोळे खोल गेलेला. बाबांनी त्याला चहाबिस्किटं दिली, त्याचे आभार मानले. त्याचा चेहरा मला सारखा दिसतोय. मी बाबांवर रागवायला बसते आणि तो माणूस मध्ये येतो.

एवढं मात्र आता मला दिसतं की तू मत्सरी नव्हतीस. बाबा बोलेनात, काका बोलेनात, आणि खरं सांगितलं तर नवरा, लेक, माहेर सगळ्यांची धिंड निघाली असती. म्हणून मावशीला या आजारापासून लांब ठेवायला तू वाईट झालीस. मी तुला इतकी वर्षं कोत्या मनाची समजत आले. आणि ती थप्पड. समुपदेशक बाई म्हणाल्या की कापलेलं बोट त्या रक्ताच्या पाण्यात गेलं असलं तरी तेवढ्यानं काही झालं असण्याची शक्यता फार फार कमी, इतकी वर्षं तुम्ही धडधाकट होतात, पण बघून घेऊ. नवरा म्हणाला, माझीही करून टाका. तो चांगला आहे, म्हणूनच भीती जास्त वाटते. तू मला मारलंस तेव्हा माझं बोट पाण्यात गेलं होतं की नाही, हे मी आठवू बघते. कधी वाटतं गेलं होतं, कधी वाटतं नव्हतं. बोटावरचा व्रण अजून आहे. लिहिताना पेनाला तोच लागतो.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज रिपोर्ट मिळाला. नवऱ्याला सुट्टी नव्हती, मावशी नामपूरहून सोबतीला आली होती. बाईंनी विचारलं, सोबतच्यांना आत घ्यायचं का, तुम्ही म्हणाल तसं. मी एकटीच गेले. काही निघालं नाही, आई. तुझा हात वेळेवर पोचला होता. कॅन्सर आहेच, सोमवारपासून केमो सुरू होईल, केस जातील म्हणतात, पुढचं कोणी छातीठोक सांगत नाही. पण ते नाही.

बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर मी मावशीला सगळं सांगून टाकलं. ते तुझं गुपित होतं आणि मोडायचा मला अधिकार नव्हता, हे कळत होतं. पण तिनं तुझा राग करत म्हातारं व्हावं हे मला सहन होईना.  घरी आल्यावर तिनं पदर खोचला, तांदूळ निवडायला घेतले, आणि ताटाकडे बघतच म्हणाली, "मग मला एकटीला सांगायचं होतं तिनं. मी काय परकी होते?"

मी म्हणाले, "सांगितलं असतं तर गेली असतीस तू?"

तिनं तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "नसते गेले," म्हणाली. "लय भांडले असते तिच्याशी, पण तिला टाकून नसते गेले. आन् ती गेल्यावर तुला बी टाकून नसते गेले." मग पदर तोंडाला लावून ती तुझ्यासाठी रडली, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, ताई ताई म्हणत. आत्ता माझ्या पलंगावर झोपली आहे, तिच्या घोरण्याचा आवाज येतोय.

एक गोष्ट मी मावशीलाही सांगितली नाही. आज त्या खोलीत, रिपोर्ट ऐकायच्याही आधी, मी बाईंना एक प्रश्न विचारला. मी म्हटलं, ज्याला हा आजार आहे त्यानं दुसऱ्याची वेणी घातली तर होतो का? त्या म्हणाल्या, "नाही हो. वेणी घातल्यानं नाही, जवळ घेतल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानंही नाही." मला रडू आवरेना. त्यांना वाटलं मी रिपोर्टला घाबरले, म्हणून त्यांनी घाईघाईनं चांगली बातमी सांगून टाकली. त्या नर्सनं तुला आजाराचं नाव सांगितलं, हे मात्र सांगितलं नाही, किंवा तिलाही माहीत नसेल. शेवटचे सगळे महिने तू हात आखडून बसलीस आणि मी आरशासमोर आपली आपण सैल वेणी घालत राहिले. हे पत्र तुला पोचणार नाही याचं आज मला बरंच वाटतंय, आई. पोचणार असतं, तर हा शेवटचा परिच्छेद मी फाडून टाकला असता.